आधी मूल बघा, मग पुस्तकं घ्या

मुलाला घरी शिकवायचं ठरलं की आईबापांचा पहिला प्रश्न पुस्तकांचा असतो. "बाई, कोणता संच घेऊ?" मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातही जास्त करून पहिली-दुसरीला. आता माझी दोन नातवंडं माझ्याकडे घरीच शिकतात, म्हणून लोक विचारायला येतात. जावयांचं काम पवनचक्क्यांच्या देखभालीचं आहे आणि वर्ष-दोन वर्षांत गाव बदलतं. त्यामुळे चौथीपर्यंत मुलं आजीपाशी शिकतील असं लेकीनं आणि त्यांनी ठरवलं. ओवी आठ वर्षांची आहे, मल्हार सहाचा. सख्खी भावंडं आहेत, पण गणित दोघांना एका पुस्तकातून शिकवता येत नाही आणि वाचन तर नाहीच.

त्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. एक दोनशे पानी वही घ्या, तिच्यावर मुलाचं नाव घाला आणि रोज रात्री पाच-सहा ओळी लिहा.

वहीत काय लिहायचं

"आज छान खेळला" असं लिहून काही हाती लागत नाही. मूल एखाद्या कामात अडलं की काय करतं, ते लिहा. मल्हारच्या ठोकळ्यांचा मनोरा पडला की तो लगेच दुसऱ्या पद्धतीनं रचायला घेतो, कुणाला हाक मारत नाही. ओवी अडली की आधी बोलते, "आजी, हे असं का?" हा फरक पुस्तक निवडताना कामाला येतो. एकाला स्वतः उलगडता येईल असं साधन लागतं आणि दुसरीला शेजारी बसून बोलणारं माणूस.

तीन कामं एका दमात सांगून बघा. "पायरीवरची चप्पल आत ठेव, तांब्या भरून आण आणि आजोबांना जेवायला बोलव." तिन्ही होतात की पहिलं आणि शेवटचंच लक्षात राहतं? सहा वर्षांच्या पुष्कळ मुलांचं मधलं काम सुटतं, त्यात काळजीचं काही नाही. मात्र असं मूल असेल तर ज्या पुस्तकात मोठ्यांनी लांबलचक सूचना वाचून दाखवायच्या असतात ते सध्या नको.

गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याकडून ऐका. क्रम राहतो का, नावं राहतात का, की एखादाच प्रसंग रंगवून सांगतो? हाताकडेही लक्ष द्या. शेंगा सोलणं, बटण लावणं, कात्रीनं रेघेवरून कापणं जमतं का? पेन्सिल धरायला बोटांत बळ आलं नसेल तर रोज दोन पानं लिहायला लावणारा कुठलाही अभ्यासक्रम त्या मुलाला नकोसा होणार. मग आपण म्हणणार, याला अभ्यासाची आवड नाही.

शेवटची नोंद वेळेची. मूल सकाळी ताजं असतं की दुपारच्या झोपेनंतर? आपण होऊन एका जागी किती वेळ रमतं? टीव्ही आणि मोबाईल यात धरू नका, त्यांच्यासमोर सगळीच मुलं बसतात. वाळूत, पाण्यात, चित्रात, भांड्यांत किती वेळ रमतं ते बघा. धडा त्याहून लहान हवा.

याच पंधरा दिवसांत डोळे आणि कान तपासून घ्या. हे मी आग्रहानं सांगते. सरकारी आणि अनुदानित शाळांत, अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येऊन मुलांची तपासणी करतात. घरी शिकणारं मूल त्या पथकापुढे आपोआप येत नाही. आमच्या आळीतला एक मुलगा गोष्टी मन लावून ऐकायचा, पण पुस्तक समोर धरलं की मान फिरवायचा. घरच्यांनी ठरवून टाकलं की हा ऐकून शिकणारा आहे. त्याच्यासाठी ध्वनिमुद्रित धडे घेणार होते. डोळे तपासल्यावर चांगला मोठा नंबर निघाला. चष्मा लागला आणि पोरगा चित्रांच्या पुस्तकांवर तुटून पडला.

"बघून शिकणारा, ऐकून शिकणारा, करून शिकणारा"

ही विभागणी तुम्ही ऐकली असेल. आमच्या प्रशिक्षणांतही ती असायची. प्रश्नावली भरायची आणि मुलाच्या नावापुढे एक शिक्का मारायचा. आज घरशाळेचे संच विकणारेही तीच भाषा बोलतात. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन तपासलं. मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, असं मानायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

याचा अर्थ सगळी मुलं सारखी आहेत असा नाही. एका वर्गात चाळीस मुलं घेऊन बसणाऱ्या बाईला तसं वाटणं शक्यच नाही. मुलांत फरक असतात ते वेगळ्या ठिकाणी. कुणाला शब्दातले आवाज सुटे ऐकू येतात, कुणाला नाही. कुणाची बोटं तयार आहेत, कुणाची नाहीत. कुणाच्या घरी रोज गोष्टी वाचल्या जातात, कुणी वीसपर्यंतच्या वस्तू कधी मोजलेल्या नसतात. कुणाला बैल आवडतात, कुणाला तारे. हे सगळं सहा महिन्यांत बदलतं. शिक्का मात्र बदलत नाही, आणि "हा करून शिकणारा आहे" असं एकदा ठरलं की त्याच्या हातात पुस्तक द्यायचंच राहून जातं.

म्हणून मी मुलासाठी एक शैली ठरवत नाही. प्रत्येक विषयात हे मूल आज कुठे अडलंय ते बघते आणि त्या अडचणीवर बेतलेलं साधन त्या विषयापुरतं घेते. शिवाय विषयाचीही एक मागणी असते. वाचनाची सुरुवात प्रत्येक मुलाला कानानंच करावी लागते आणि संख्येची हातानं. बघून शिकणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या मुलालाही काड्या मोजल्याशिवाय दशक कळत नाही.

वाचनाचं पुस्तक

दुकानात अंकलिपी हातात घेतली की पहिली दहा पानं उलटा. अ अननसाचा, आ आईचा, इ इमारतीचा अशी सगळी मुळाक्षरं ओळीनं लावली असतील तर ते पुस्तक भिंतीवरच्या तक्त्याच्या कामाचं आहे. वाचायला शिकवण्याच्या नाही. दहा पानं झाली तरी मुलाला त्यातून स्वतःचा असा एक शब्द वाचता येत नाही. काही मुलं तर नुसतं अ दिसलं तरी "अननस" म्हणतात, कारण त्यांनी अक्षर नाही, चित्र पाठ केलेलं असतं.

अक्षरगटांनी जाणारं पुस्तक शोधा. क, म, ल, र आणि काना एवढंच पहिल्या गटात घेतलं तरी काम, मका, लाल, माल, कमल, मला, काका, मामा इतके शब्द होतात. आठवडाभरात मूल "काका, मला लाल मका" असं काहीतरी वाचतं आणि आपण वाचलं हे त्याला कळतं. आमच्याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेनं मुलांना मराठी वाचायला कसं शिकवावं यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ सोनाळे इथली क्वेस्ट ही संस्थाही याच प्रश्नावर काम करते. अशा संस्थांचं साहित्य मिळालं तर जरूर बघा. नाही मिळालं तर गट स्वतः पाडा, पुठ्ठ्याची कार्डं करा. त्याला खर्च नाही.

मल्हारला अक्षर डोळ्यांनी बघून लक्षात राहत नव्हतं, म आणि भ सारखेच वाटायचे. त्याच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. त्यावरून तो बोट फिरवतो आणि तोंडानं आवाज काढतो. माँटेसरी शाळांत हे फार जुनं साधन आहे. मग ताटलीत रवा पसरून त्यात तेच अक्षर काढतो. लिहिण्याची वही त्याला मी अजून दिलेली नाही. पण रोज चालता-चालता आमचा शब्दांचा खेळ असतो, "म नं सुरू होणारं काय दिसतंय?" मोटार, म्हैस, मंदिर, मामाचं दुकान. पुढे शेवटच्या आवाजावर जातो. ज्या मुलाला शब्दातला पहिला आवाज सुटा ऐकू येत नाही त्याला कुठलाही महागडा संच वाचायला शिकवू शकत नाही, आणि हा खेळ कुठल्याही संचात फुकट मिळत नाही, तो माणसानंच खेळावा लागतो.

ओवीचं उलटं आहे. ती पाचव्या वर्षीच वाचायला लागली, त्यामुळे अंकलिपी तिच्या उपयोगाची नव्हती. लवकर वाचणारी मुलं अंदाजानं वाचतात. जोडाक्षर आलं की तोंड भरून काहीतरी म्हणतात आणि पुढे जातात. म्हणून तिला रोज एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा असतो, नंतर पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगायचा. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेनं शंभर वर्षांपूर्वी आपल्या पद्धतीत अशा सांगण्याला मोठी जागा दिली होती आणि धडे लहान ठेवले होते. तिचं हे मला फार पटतं. ओवीला बालभारतीचं 'किशोर' मासिक आवडतं, १९७१ पासून ते निघतंय. मल्हारसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी घेते. तिथे गोष्टींना पायऱ्या दिलेल्या आहेत, पहिल्या पायरीवर एका पानावर एखादंच वाक्य असतं. फुकट उतरवून छापून घेता येतात. मोबाईलवर वाचायला देऊ नका, छापाच. पान उलटता आलं पाहिजे.

घरात मराठी बोलत असाल तर वाचन मराठीतूनच सुरू करा. इंग्रजी त्याच वेळी कानावर पडू द्या, गाणी, छोट्या सूचना, चित्रांवरच्या गप्पा. एका लिपीत वाचन बसलं की दुसऱ्या लिपीला तेवढे कष्ट पडत नाहीत.

गणित

गणिताचं पुस्तक निवडायची माझी एक सोपी परीक्षा आहे. हातच्याच्या वजाबाकीचं पान उघडा. बावन्नातून सतरा वजा करायचे आहेत. दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक उसना घे, एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. पाच दशकांपैकी एका दशकाची गाठ सोडली, दहा सुट्या काड्या झाल्या, आता बारा सुट्या आहेत, असं चित्रात दाखवलं असेल आणि मुलाला ते करायला सांगितलं असेल, तर पुस्तक लिहिणाऱ्याला मूल माहीत आहे. आधी वस्तू, मग चित्र, मग अंक, हा क्रम प्रत्येक नव्या पाठात पाळलेला दिसला पाहिजे. नुसता पहिल्या पाठात दिसून उपयोग नाही.

साधनं घरची चालतात. चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड. विकत घ्यायचीच असेल तर एक गणितमाळ घ्या. शंभर मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, असे आलटून पालटून. लाकडी मणी आणून ती घरीही ओवता येते. मल्हार तिच्यावर सत्तेचाळीस कुठे आहे ते कपड्याच्या चिमट्यानं दाखवतो, मग विचारतो, पन्नासाला किती कमी? त्यानं वजाबाकीचं चिन्ह अजून बघितलेलं नाही.

मराठी मुलांची एक खास अडचण आहे आणि बाहेरचा कुठलाही तयार संच ती सोडवत नाही. आपली संख्यानामं. त्रेसष्ट म्हटलं की कानावर आधी तीन येतो, मग साठ. मूल ऐकेल तसं लिहितं आणि ३६ होतात. एकोणसत्तरला तर सत्तर ऐकून कुणी ७९ लिहितं, कुणी ७१. आईबापांना वाटतं मुलाला गणितात गती नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचन जोडीला आलं तेव्हा केवढा वाद झाला! मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, सोबत एक सोपी वाट दिली होती. वर्गात ज्यांनी पहिली-दुसरी शिकवली आहे त्यांना ती वाट का हवी होती हे सांगावं लागत नाही. घरी तुम्हाला वाद घालायला कुणी नाही. काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या समोर ठेवा, 'साठ तीन' म्हणा, ६३ लिहा, आणि मग म्हणा, याला आपण त्रेसष्ट म्हणतो. दोन्ही येऊ द्या. नेमक्या याच जागी अडखळणाऱ्या मुलाला नवं पुस्तक नको, ही एक सवय पुरते.

ओवीची गोष्ट निराळी. तिला पाढे तोंडपाठ आहेत, टाळीवर म्हणते. आजोबांनी हौसेनं पावकी आणि निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढेही शिकवले आहेत. पण कागदावर उदाहरणांची रांग दिसली की ती उठून जाते. तिच्यासाठी मी पान झाकते, एका वेळी एक उदाहरण दिसेल अशी खिडकी पुठ्ठ्यात कापली आहे. तेच पुस्तक, तीच उदाहरणं. आठवडी बाजारात हिशेब तिच्याकडे असतो. अर्धा किलो गवार, पाव किलो मिरची, शंभराची नोट दिली, परत किती? पावकी तिथे उपयोगी पडते. हे सांगायचं कारण असं की मूल पुस्तकाला कंटाळलंय असं वाटलं तरी पुस्तक बदलण्याआधी त्याची मांडणी बदलून बघा. एका पानावर फार गर्दी आहे, अक्षर बारीक आहे, ओळी जवळ आहेत, एवढंच कारण पुष्कळदा असतं.

बाकीचं सगळं

परिसर, चित्र, गाणी, इतिहास यांसाठी दोन मुलांना दोन संच घेऊ नका. हे विषय एकत्र शिकण्याचेच आहेत. बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं होतं. ते पीडीएफ किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं तर आपल्या जिल्ह्याचं घ्याच. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. आम्ही ते वाचून अजिंक्यताऱ्यावर जातो. ओवी खाली आल्यावर वाटेचं वर्णन लिहिते, मल्हार वरून दिसलेल्या शहराचा मातीत नकाशा करतो, त्यात पोवई नाका असतोच. पावसाळ्यानंतर कासच्या पठारावर दोघांची एकच निसर्गवही. ती नावं लिहिते, तो चित्र काढतो. कधी उलट करायला लावते आणि तक्रार झाली तरी लावते.

विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ पुरेसं आहे. काडेपेटी, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या. त्यांची पुष्कळ पुस्तकं मराठीतही आहेत आणि पैसे पडत नाहीत.

तयार पद्धती आणि मोठे संच

माँटेसरी, वाल्डॉर्फ, शार्लट मेसन यांच्या नावानं संपूर्ण वर्षाचे संच मिळतात. माँटेसरीचा गाभा म्हणजे क्रमानं लावलेली साधनं, एकट्यानं करायचं काम आणि स्वतःची चूक स्वतःला दिसेल अशी रचना. मल्हारसारख्या, मध्ये कुणी बोललेलं न खपणाऱ्या मुलाला ती मानवते. साधनं महाग असतात, पण निम्मी घरी होतात. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन बालवाडी उभी केली. कमी पैशांत बालशिक्षण कसं करायचं याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. वाल्डॉर्फमध्ये गोष्ट, गाणं, रंग, हस्तकाम यांना पहिलं स्थान आणि वाचन सातव्या वर्षाच्या आसपास. गोष्टवेल्हाळ मुलाला ती सुखाची आहे. पण चार वर्षांचं मूल आपण होऊन अक्षरं विचारत असेल तर त्याला थांबवू नका.

परदेशी पेटीबंद संचांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गणितात नाणी डॉलर-सेंटची, लांबी इंचात, गोष्टीत बर्फ. आठ वर्षांच्या मुलाला ते गमतीचं वाटेल. सहा वर्षांच्या मुलाला आधी गोष्ट समजावून सांगावी लागते आणि मग गणित, त्यात त्याचा दम जातो. एनसीईआरटीची पहिली-दुसरीची गणिताची नवी पुस्तकं, २०२३ पासूनची, चित्रांनी आणि खेळांनी भरलेली आहेत आणि संकेतस्थळावर फुकट आहेत. त्याच वर्षी तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आला. त्यात बाहुल्या, कोडी, कार्डं, गोष्टी आहेत. ते चाळून मगच पैसे खर्च करायचे का ते ठरवा. खर्च करायचाच असेल तर विकणाऱ्याकडून वर्षाच्या मधल्या एका आठवड्याचे पूर्ण धडे मागून घ्या. पहिला आठवडा सगळ्यांचाच देखणा असतो.

आणि शिकवणारं कोण हे विसरू नका. आईची नोकरी असेल, दिवसातून दीड तास मिळत असेल, तर रोज तासभर तयारी मागणारी पद्धत कितीही सुंदर असली तरी दिवाळीपर्यंतच टिकेल. अशा घरी पुढे काय करायचं ते ओळीनं सांगणारं पुस्तक घ्या. ज्यांच्याकडे वेळ आहे, सुचतं, त्यांनी मोकळी साधनं घ्यावीत. आजी-आजोबा शिकवणार असतील तर त्यांना पुस्तक दाखवून घ्या, अक्षर त्यांनाही दिसलं पाहिजे.

महिनाभर चालवून बघा

नवं पुस्तक महिनाभर चालू द्या. एक दिवस रडारड झाली म्हणून सोडू नका. आठवड्यातून एकदा आपल्या वहीत तीन गोष्टी लिहा: मूल आपण होऊन त्या साधनाकडे जातं का, शिकलेलं दुसरीकडे वापरतं का, आणि गेल्या आठवड्यात न जमणारं काय जमलं. दुकानाची पाटी वाचली, जिन्याच्या पायऱ्या दोनदोननं मोजल्या, हे वापरणं झालं. महिन्यात यातलं काहीच दिसलं नाही तर आधी वेग कमी करा, मग धड्याची वेळ बदला, मग मांडणी. एवढं करूनही नाही जमलं तर पुस्तक खुशाल बदला, पण त्याच विषयाचं. गणित जमत नाही म्हणून चांगलं चाललेलं भाषेचं पुस्तक टाकायचं कारण नाही.

मोठ्या अडचणीची लक्षणं वेगळी असतात. आठव्या वर्षानंतरही अक्षरगट पुसले जातात, रोजचे शब्द रोज नवे वाटतात, उलट अक्षरं कमी होत नाहीत, असं असेल तर संच बदलत बसू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. लवकर कळलं तर शिकवण्याची पद्धत वेळेत बदलता येते.

कागदपत्रं

शिक्षण हक्क कायदा, २००९ हा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण त्याबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद नाही. पुढे परीक्षेची वाट म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत, अ स्तर तिसरीच्या, ब पाचवीच्या आणि क आठवीच्या बरोबरीचा. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्याच्या पाचवी, आठवीच्या परीक्षा आहेत. म्हणून भाषा आणि गणित निवडताना तिसरीच्या अखेरीस साधारण काय यायला हवं हे बालभारतीच्या पुस्तकात एकदा बघून घ्या. रोज ते पुस्तक पुढे ठेवायची गरज नाही.

मूल मध्येच शाळेत जाणार असेल, तर याच कायद्याच्या कलम ४ नुसार वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय आहे. ओवी पाचवीला शाळेत जाईल. तिचा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड एका फाईलमध्ये आहे, आणि दुसऱ्या फाईलमध्ये दर तिमाहीचं एक लेखन, गणिताची दोन पानं आणि निसर्गवहीतल्या पानांच्या झेरॉक्स. तारखा घालायला विसरू नका, मुलाकडूनच घालून घ्या.